औषध लागू पडते तेव्हा

शुभवर्तमानात महारोग्यांच्या शुद्धीकरणाचे जे प्रसंग आले आहेत त्यांत वेळ अशी लागतच नाही. प्रभू येशू हात पुढे करतो, ज्याला कोणी शिवत नाही अशा माणसाला स्पर्श करतो आणि रोग जातो. संत लूकच्या सतराव्या अध्यायातील दहा जण तर वाटेने चालता चालताच शुद्ध होतात. आम्ही भावंडे लहानपणापासून हे प्रसंग आमच्या मामांच्या तोंडून ऐकत आलो. परतवाड्याच्या आमच्या छोट्या धर्मग्रामात रविवारच्या मिस्सेत पहिले वाचन बहुधा त्यांचेच असे, आणि घरी मुलांना शुभवर्तमान समजावून सांगण्याचे कामही त्यांनी आपण होऊन अंगावर घेतले होते. २०१२ साली तो रोग त्यांनाच झाला. तेव्हा 'तत्काळ' या शब्दाचा आम्हांला एरवी आला नसता असा अर्थ कळू लागला.

एक गोष्ट आधीच सांगून टाकावी. पवित्र शास्त्रातील महारोग म्हणजे केवळ आजचा कुष्ठरोग नव्हे. लेवीय पुस्तकात वस्त्रांना आणि घराच्या भिंतींनाही तो लागतो, याजक येऊन पाहतो, सात दिवस थांबतो, पुन्हा पाहतो. कातडीवरच्या कितीतरी विकारांना तो एकच शब्द लावला जात असे. पण शब्दाला चिकटलेली भीती मात्र जशीच्या तशी आमच्या गल्लीपर्यंत पोहोचली होती. 'महारोग' असे कोणी मोठ्याने म्हणत नसे. 'ते कोठाऱ्याले जातात' एवढे म्हटले की ऐकणारा समजून जाई. परतवाड्याजवळच्या कोठारा गावी द लेप्रसी मिशनचे इस्पितळ आहे. आपल्या कॅथलिक मंडळींचे नव्हे, प्रॉटेस्टंट बांधवांचे. परंतु अचलपूर तालुक्यातील आणि मेळघाटातील किती घरांवर त्याचे उपकार आहेत हे आम्ही निराळे सांगावयास नको. तिकडे अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली तपोवन उभारले. या रोगाशी झुंजण्याची परंपरा आमच्या वऱ्हाडात जुनी आहे. आणि तरीही शब्द उच्चारायचा नाही, ही रीतही तितकीच जुनी.

मामा आरामशीनवर काम करीत. मेळघाटातून येणाऱ्या सागवानामुळे परतवाड्यात लाकडाचा धंदा मोठा, आणि नुसत्या नजरेने लाकडाचे माप सांगणारा माणूस म्हणून मामांची ख्याती होती. त्यांचे पाय बधिर होत चालले होते हे त्यांनी कोणाला सांगितले नाही. कानाच्या पाळ्या जाड झाल्या, चेहऱ्याची कातडी तुकतुकीत दिसू लागली, तेव्हा आमची मामी म्हणाली की उतारवयात तुम्हांला तेज चढले आहे. पायात रुतलेला खिळा संध्याकाळी चप्पल काढताना दिसला, तेव्हा कोठे ते इस्पितळात गेले. तपासणी झाली. जंतू पुष्कळ होते. प्रायश्चित्तकाळ सुरू होण्याच्या सुमारास औषधांची पहिली पट्टी घरात आली: रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली ही तीन औषधे एकत्र द्यावयास सांगितले, कारण एकट्या डॅप्सोनला जंतू जुमानेनासे झाले होते. अशा जंतुबहुल रोग्याला बारा महिने उपचार, तेही विनामूल्य. डॉक्टरांनी सांगितले की औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत इतरांना लागण होण्याचे भय उरत नाही. ताट वेगळे करू नका, अंथरूण वेगळे करू नका. मामीने ते ऐकले आणि त्याच रात्री मामांच्या ताटातली उरलेली भाकरी आमच्यादेखत स्वतः खाल्ली. प्रवचने आम्ही पुष्कळ ऐकली आहेत.

पहिले चार महिने बरे गेले. लघवी लाल होते म्हणून मामा घाबरले, ते रिफाम्पिसिनमुळे. अंगाचा रंग काळपट तांबूस होऊ लागला, तो क्लोफाझिमिनमुळे. या दोन्ही गोष्टींची कल्पना आम्हांला देण्यात आली होती. तिसऱ्या गोष्टीचीही दिली होती, पण ती ऐकताना कोणाच्या मनात ठसत नाही. औषधाने रोग हटत असतानाच मध्ये एखादे वेळी सर्व काही भडकून उठेल, असे सांगितले तर कोण मनावर घेतो?

जुलैत पाऊस लागला आणि भडका उडाला. आधी ताप. मग दंडांवर, पोटऱ्यांवर, चेहऱ्यावर लाल, दुखऱ्या गाठी; बोट लागले तरी मामा कळवळत. ज्या हातापायांना काही जाणवत नव्हते त्यांच्या सांध्यांत आता ठणका. कोपराजवळची शीर दोरीसारखी सुजली. आणि तीन दिवसांनी उजवा डोळा लाल झाला.

पावसाळ्यात आमच्याकडे घरोघर डोळे येतात. शिवाय आरामशीनवरचा भुसा आहेच. तेव्हा शेजारपाजारच्यांनी जे निदान केले ते चुकीचे असले तरी वेडगळ नव्हते. ओळखीच्या एका दुकानदाराने डोळे आल्यावर घालावयाचे थेंब दिले. ते घालून दोन दिवस गेले. परंतु मामीच्या लक्षात एक गोष्ट आली, आणि मामांचा डोळा वाचला तो त्या निरीक्षणामुळे असे आम्ही मानतो. डोळे आले की पापण्या सकाळी चिकटतात, चिपडे येतात. येथे चिपडे नव्हतीच. नुसते पाणी येत होते. उजेड सोसवत नव्हता. लाली पांढऱ्या भागावर सगळीकडे पसरण्याऐवजी काळ्या वर्तुळाभोवती कडे करून बसली होती. आणि आतली बाहुली डाव्या डोळ्यातल्या बाहुलीपेक्षा बारीक दिसत होती. चौथी शिकलेल्या बाईने कंदिलाच्या काचेइतके स्वच्छ पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मामांना घेऊन कोठाऱ्याला गेली.

जाण्यापूर्वी घरात जे बोलणे झाले ते आमच्या मनातून जात नाही. मामा खाटेवर डोळ्यांवर उपरणे टाकून पडले होते. औषधाची पट्टी मामीने पुढे केली तेव्हा त्यांनी ती हातानेच दूर सारली. "या गोयाइनंच माहा डोया बिघडला," ते म्हणाले. "चार महिने आंधी मले काय होतं? पाय मुके होते, एवढंच. आता पाहा." आम्हांपैकी कोणालाच उत्तर सुचले नाही. बोलणे तर्काला धरून होते. गोळ्या सुरू झाल्या आणि मग हे झाले. जो कोणी घटनांचा क्रम पाहील तो हेच म्हणेल. मामी एवढेच म्हणाली, "डॉक्टरले विचारू, अन् मंग सोडा."

डॉक्टरांनी जे सांगितले ते आम्ही पुढे वाचून, विचारून अधिक समजून घेतले. कुष्ठरोगाचा जंतू अत्यंत सावकाश वाढतो. एकाचे दोन व्हावयास त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. त्याला शरीराचा थंड भाग मानवतो: कातडी, कातडीखालून जाणाऱ्या नसा, आणि डोळ्याचा पुढचा भाग. वर्षानुवर्षे तो तेथे गुपचूप राहतो, शरीर त्याच्याशी भांडत नाही. औषधाने जंतू मरतात. पण मेलेले जंतू लगेच नाहीसे होत नाहीत. त्यांचे अवशेष दूर व्हावयास महिने नव्हे, वर्षे लागतात. या अवशेषांविरुद्ध शरीराची संरक्षकशक्ती उसळून उठते आणि त्या झगड्यात आपलेच अवयव होरपळतात. याला डॉक्टर 'रिॲक्शन' म्हणतात. तिचे दोन प्रकार. एकात जुने चट्टे सुजतात आणि नसा दुखावतात. चेहऱ्याची नस सापडली तर पापणी मिटेनाशी होते आणि डोळा उघडा पडून सुकतो. दुसऱ्यात, म्हणजे आमच्या मामांच्या प्रकारात, ताप, गाठी, सांधे आणि बाहुलीभोवतालच्या रंगीत पडद्याचा दाह. ही रिॲक्शन औषधाआधीही येऊ शकते, चालू असताना येते, औषध संपल्यावरही येते. ती रोग वाढल्याची खूण नव्हे, औषध बाधल्याचीही नव्हे, आणि तिच्यामुळे दुसऱ्या कोणाला लागण होत नाही.

आणि गोळ्या थांबवावयाच्या नाहीत. डॉक्टरांनी हे तीनदा सांगितले. दाहावर वेगळे औषध, जंतूंवरचे औषध जसेच्या तसे चालू.

डोळ्याचे काम मात्र तातडीचे होते. तो रंगीत पडदा सुजला की मागच्या भिंगाला चिकटतो, बाहुली आकसलेली तशीच राहते, डोळ्यातील दाब वाढतो आणि दृष्टी जाते. म्हणून ॲट्रोपिनचे थेंब घालून बाहुली मोठी करून ठेवायची, म्हणजे चिकटावयास जागा मिळत नाही. आणि दाहासाठी स्टेरॉइडचे थेंब, प्रारंभी तासातासाला. पोटात प्रेडनिसोलोनच्या गोळ्या. त्या एकदम सोडायच्या नाहीत, आठवड्यांच्या हिशेबाने पायरी पायरीने उतरवायच्या, रक्तातील साखरेकडे लक्ष ठेवायचे. डॉक्टरांनी आणखी एक सांगितले ते ऐकून आम्ही थक्क झालो: या रोगात डोळ्याची संवेदनाच कमी झालेली असली तर असा दाह फारसा न दुखताही आत चालू राहू शकतो. मामांचा डोळा दुखला हे त्यांचे भाग्य. वेदनेबद्दल देवाचे आभार मानावेत असा प्रसंग आमच्यावर तोवर आला नव्हता. वेल्लोरचे डॉ. पॉल ब्रँड आयुष्यभर हेच सांगत आले की कुष्ठरोग्याची बोटे रोगाने झडत नाहीत, वेदना न उरल्याने निष्काळजीपणे वापरली जाऊन नष्ट होतात. आणि त्यांच्या पत्नी डॉ. मार्गारेट ब्रँड यांनी याच रोग्यांच्या डोळ्यांना स्वतःला वाहून घेतले होते.

बरे होताना आधी बिघडावे, हा नियम केवळ या रोगाचा नाही. ऑस्ट्रियातील यारिश यांनी १८९५ साली आणि फ्रँकफुर्टच्या हेर्क्सहायमर यांनी १९०२ साली उपदंशाच्या रोग्यांत हे नोंदवले: औषध दिल्यावर काही तासांतच थंडी वाजून ताप येतो, चट्टे भडकतात आणि दिवसभरात सारे ओसरते. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातील लाइम गावावरून ज्याचे नाव पडले तो गोचिडीच्या चाव्याने होणारा लाइम रोगही अशाच नागमोडी जंतूचा. त्याच्या उपचारातही पहिल्या दिवशी काही रोग्यांची अशीच अवस्था होते. (हेर्क्सहायमर ज्यू होते. त्यांना म्हातारपणी नाझींनी थेरेझिनश्टाटच्या छावणीत नेले आणि तेथेच १९४२ साली त्यांचा अंत झाला. या विषयाशी त्याचा संबंध नाही, परंतु नाव घेतले आणि पुढे गेलो असे करवले नाही.) तो भडका एका दिवसाचा, कुष्ठरोगातील रिॲक्शन घडते वेगळ्या कारणाने आणि महिनोन्‌महिने टिकते, ओसरते, पुन्हा येते. एक दिवस सहन करणे आणि एक वर्ष सहन करणे यांत फरक आहे.

या रिॲक्शनवर एक औषध कसे सापडले ती हकीकत मामांना फार आवडली. थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध. गर्भवती स्त्रियांनी ते घेतल्यामुळे हजारो मुले अपुऱ्या हातापायांनी जन्मली आणि १९६१ च्या सुमारास ते बाजारातून गेले. त्यानंतर थोड्याच वर्षांनी जेरुसलेमच्या कुष्ठरोग इस्पितळात डॉ. याकोब शेस्किन यांच्याकडे रिॲक्शनच्या वेदनांनी झोपेला पारखा झालेला एक रोगी होता. त्याला निदान झोप तरी लागावी म्हणून त्यांनी तेथे शिल्लक असलेल्या त्याच गोळ्या दिल्या. झोप लागलीच, पण थोड्याच दिवसांत गाठी आणि तापही गेला. गर्भवतीच्या वाऱ्यालाही ते उभे राहता कामा नये, हा नियम अर्थात कायम आहे. मामांना ते द्यावे लागले नाही. पण 'बांधणाऱ्यांनी टाकून दिलेला दगड' हे स्तोत्र त्यांना तेव्हा आठवले हे खरे.

मामांचा डोळा जसा बाहेरून दिसत होता तसा आमच्या घराचा प्रश्नही बाहेर पडला. मामेबहिणीच्या लग्नाची बोलणी चालू होती. चार महिने जे झाकून राहिले ते सुजलेल्या चेहऱ्याने आणि काळवंडलेल्या कातडीने पंधरा दिवसांत उघडे केले. ॲट्रोपिनमुळे जवळचे अक्षर दिसेना, म्हणून मामांनी मिस्सेतले वाचन सोडले. लोकांनी त्याचा अर्थ आपापल्या परीने लावला. एका आप्ताने सुचवले की लग्न होईपर्यंत मामांना नागपूरला कोणाकडे ठेवावे. फादरांना विचारले तेव्हा त्यांनी उपदेश केला नाही. मुलाकडच्यांना खरे सांगा, मी बरोबर येतो, एवढेच म्हणाले, आणि आले. ते स्थळ मोडले. त्या लोकांना आम्ही दोष देत नाही. तेव्हा कायदासुद्धा त्यांच्याच बाजूला होता: ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात जोडीदाराचा कुष्ठरोग हे विवाह मोडण्याचे एक कारण होते, आणि बाराच महिन्यांत बरा होणाऱ्या रोगाचे हे कलम संसदेने वगळले ते २०१९ साली. आपल्या ख्रिस्तसभेत विवाह अभंग असतो, हे आपण जाणतो. परंतु सोयरीक ठरवताना माणसे धर्मशास्त्र कमी आणि शेजाऱ्यांचे तोंड अधिक पाहतात. मामेबहिणीचे लग्न पुढे दोन वर्षांनी झाले. जावयांना सर्व ठाऊक होते. मागणी घालायला आले तेव्हा त्यांनी मामांना आधी डोळ्याचे विचारले, मग मुलीचे.

संत डेमियनचे चित्र आमच्या देवघरात पूर्वीपासून आहे. १८७३ च्या मे महिन्यात ते मोलोकाई बेटावर उतरले; त्याच वर्षी नॉर्वेत हॅन्सन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली या रोगाचा जंतू पाहिला. एकाच्या हाती जंतूचे ज्ञान होते पण औषध नव्हते, दुसऱ्याकडे दोन्ही नव्हती. डेमियन १८८९ च्या एप्रिलमध्ये त्याच रोगाने वारले. २००९ साली ते संत म्हणून घोषित झाले. आजारपणात मामा त्या चित्राकडे पाहून म्हणत, यांना एक पट्टी मिळाली असती तर? आम्हांला वाटते, हा प्रश्न संतचरित्र वाचण्याची चांगली रीत आहे. आपण त्यांच्या जखमांवर इतके बोलतो की कोणीतरी त्या धुऊन बांधत असे, बादल्या भरत असे, शवपेट्या ठोकत असे, आणि हे बहुतांश डेमियनच करीत असत, हे मागे पडते.

शुश्रूषा म्हणजे कंटाळा. तासातासाला थेंब. खालची पापणी ओढायची, कुपीचे तोंड डोळ्याला लावायचे नाही, एक थेंब, मग पाच मिनिटे थांबून दुसऱ्या कुपीतला. रात्री गजर लावून उठायचे. मामीने लाकडाच्या हिशेबाची जुनी वही घेतली आणि त्यात वेळ लिहू लागली. मामांची बाहुली पसरून राहिली, दाह हळूहळू निवला. पण गोळ्या खाली आणल्या की पुन्हा गाठी येत, आणि एकदा डोळाही पुन्हा लाल झाला. बारा पट्ट्या पुढच्या प्रायश्चित्तकाळात संपल्या. रिॲक्शन मात्र त्यानंतरही वर्षभर येत-जात राहिली. औषध संपले तरी दुखणे का, हे लोकांना सांगता सांगता आमचीच त्या विषयावर उजळणी झाली.

याच काळात एका संध्याकाळी आम्ही संत मार्कचा आठवा अध्याय वाचत होतो. बेथसैदाच्या आंधळ्याला प्रभू दोनदा हात लावतो. पहिल्या स्पर्शानंतर त्याला माणसे चालत्या झाडांसारखी दिसतात, दुसऱ्यानंतर स्पष्ट. चारही शुभवर्तमानांत असा दोन टप्प्यांचा चमत्कार हा एवढाच. त्यावर भाष्ये पुष्कळ आहेत. मामा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "त्याच्या डोयात बी हेच औषध टाकलं असन." घरात किती दिवसांनी कोणी हसले होते! पुढे विचार करता आमच्या लक्षात आले की त्या माणसाला पहिल्या स्पर्शानंतर काय दिसते असे प्रभूने विचारले, आणि त्याने खरे ते सांगितले: नीट दिसत नाही. उपकाराच्या दडपणाने 'बरे वाटते' म्हणून तो निघून गेला असता तर?

भारतात कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली आल्याचे २००५ साली जाहीर झाले. तरी २०२२ या एका वर्षात देशात एक लाखाहून अधिक नवे रोगी सापडले, जगातल्या निम्म्याहून अधिक. १८९८ चा लेपर्स ॲक्ट २०१६ मध्ये रद्द झाला. मेळघाटातून पट्टी घेऊन परतणाऱ्या माणसाला या आकड्यांचा किंवा कायद्यांचा उपयोग नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यात अंग पेटले आणि डोळा लाल झाला तर गोळ्या न सोडता त्याच दिवशी यायचे, एवढे कोणीतरी त्याच्या भाषेत सांगितलेले असले पाहिजे. मामा ते सांगतात. इस्पितळाच्या ओट्यावर कोणी उपरणे डोळ्यांवर घेऊन बसलेला दिसला की त्याच्याजवळ जाऊन बसतात, आणि आपला उजवा डोळा दाखवतात. त्यातली बाहुली अजून पूर्ण गोल नाही. खालच्या बाजूला एक कोन राहिला आहे. दिसते मात्र त्याने. मिस्सेतले वाचन त्यांनी पुन्हा सुरू केले आहे, चष्मा लावून, थोडे सावकाश.

मामीची ती वही आमच्याकडे आहे. डाव्या पानावर सागाच्या ओंडक्यांचे माप आणि भाव, उजव्या पानावर थेंबांच्या वेळा. एका रात्रीच्या तीन वाजताच्या खुणेपुढे तिने कोपऱ्यात लिहिले आहे: आज उजेड सोसला.